इंद्रवेल्लीचा स्तूप व शोकाची खूण

मनात आधीच वसलेला भाव ज्या बाह्य वस्तूने पेटतो, तिला आपले रसशास्त्र 'उद्दीपन विभाव' म्हणते. आधुनिक मानसशास्त्रही अशा उद्दीपकांचा विचार करते, परंतु बहुधा एका व्यक्तीपुरता. समाजाच्या मनालाही अशा खुणा असतात. त्यांच्याशी कसे वागावे, हे आदिलाबाद जिल्ह्याच्या इतिहासात पाहता येते. हा जिल्हा आपणांस परका नव्हे. किनवट व राजुरा १९५६ पर्यंत त्यातच मोडत.

दि. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावरील सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३. लोक याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. १९८३ साली तेथे स्तूप उभा राहिला, १९८६ साली तो उद्ध्वस्त करण्यात आला, १९८७ साली पुन्हा बांधला गेला. पुढे कित्येक वर्षे २० एप्रिल जवळ आला की गावात जमावबंदी लागू होई आणि स्तूपाच्या वाटेवर पोलीस उभे राहत. हेतू शांतता राखण्याचा असेल. परंतु ज्या गणवेशाच्या दर्शनाने खपली निघावी, तोच गणवेश त्याच दिवशी त्याच स्थळी उभा करणे, हा उपाय म्हणावा की उद्दीपन? खूण पुसण्याच्या खटपटीत राज्यसंस्थेने ती अधिकच ठळक केली, असे आमचे मत आहे.

गोंडांची स्वतःची रीत निराळी आहे. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांकडून मारल्या गेलेल्या कोमरम भीमचे स्मरण ते छापील तारखेने नव्हे, तर आश्विन पौर्णिमेस करतात. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. तेथे मेस्राम कुळ आपल्या मृतांसाठी विधी करते, आणि त्याच जत्रेत नव्या सुना कुलदेवतेच्या भेटीस आणल्या जातात. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात या जत्रेस दरबाराची जोड मिळाली, व गाऱ्हाणी अधिकाऱ्यांच्या कानी घालण्याची सोय झाली. शोक, सोयरीक आणि तक्रार एकाच मांडवाखाली! स्तोत्रसंहिता वाचणाऱ्यास यात नवल वाटू नये. तेथेही विलाप व फिर्याद यांची फारकत झालेली नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठी 'अँथ्राकिया' हा ग्रीक शब्द दोनदा येतो (१८:१८, २१:९). नव्या करारात अन्यत्र तो नाही. पहिल्या विस्तवापाशी पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा विस्तव पुनरुत्थित प्रभूने मांडलेला आहे. तो धूर, ती धग पेत्राच्या मनात काय जागवील, हे प्रभूस ठाऊक नव्हते काय? त्याने विस्तव टाळला नाही. आधी मासे व भाकर खाऊ घातली, मग तीन नकारांना तीन प्रश्न विचारले. न्याहारी आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम आमच्या पाळकीय कार्यात पुष्कळदा उलटा होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी इंद्रवेल्लीच्या स्तूपापाशी श्रद्धांजली वाहिली. एके काळी जी वाट अडवली जाई, तिनेच शासन स्तूपापर्यंत आले, ही गोष्ट लहान नव्हे. १९८१ साली लोक ज्यासाठी जमले होते तो जमिनीचा प्रश्न मात्र त्या पुष्पचक्राहून फार जुना आहे.