पडदा पडल्यानंतर

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी पणजीला एक कलाप्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका दालनात जुन्या घरगुती वस्तू रचून केलेले मांडणशिल्प होते. पाठीमागे ध्वनिफीत चालू होती, भिंतीवर चलच्चित्र हलत होते. मुलांनी भोवती दोन फेऱ्या मारल्या. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हें कोणाक विचारचें?" एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकापाशी त्याचे उत्तर नव्हते. दोष त्या कलाकृतीचा नव्हता, माझा होता.

परतताना बसमध्ये मनात आले की हीच मुलगी जत्रेत असा प्रश्न करणार नाही. तेथे कोणाला विचारायचे हे तिला ठाऊक असते. शेजारी आजोबा बसलेले असतात.

अनेक कला एका ठिकाणी आणणे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. जुन्या काबिजादींतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. आपले तालुके मात्र पोर्तुगीजांच्या हाती फार उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. पेडणे तर १७८८ साली. त्यामुळे देऊळ राहिले आणि देवळापुढचा मंडपही राहिला. दिवाडीहून उठलेल्या सप्तकोटेश्वराला डिचोली तालुक्यातील नार्व्यानेच आसरा दिला. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. अशा मंडपात गाणे, वादन, नाट्य, रंगभूषा आणि डिचोलीच्या कांसारांनी घडवलेली समई एकत्र नांदत. सीमेपलीकडून येणाऱ्या दशावतारी मंडळींपाशी लिखित संहिता नसे. संवाद जागेवरच सुचायचे; देव आणि दानव रात्रभर वाद घालायचे. कला आणि चिकित्सा यांची फारकत तेव्हा झालेली नव्हती.

आधुनिक काळात हे काम संस्थेच्या रूपाने कोणी केले, असे विचाराल तर मी 'दि गोवा हिंदू असोसिएशन'चे नाव घेईन. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना मोकळा श्वास घेता आला. शाळा, वाचनालये, मंडळे निघू लागली. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोमंतकीयांनी १९१९ मध्ये ही संस्था स्थापली. हेतू समाजकार्याचा होता. पुढे सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापील शब्दावर आणि सभांवर बंधने आली, तेव्हा मुंबईतल्या अशा संस्था हेच गोमंतकीयांचे खुले अंगण ठरले.

संस्थेच्या कला विभागाने जी नाटके केली, त्यांकडे जरा निरखून पाहावे. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. दुसऱ्याच वर्षी वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले. ज्या राजाचे आपण पोवाडे गातो, त्याला मुलासमोर हतबल झालेला बाप म्हणून दाखवण्याचे ते धाडस होते. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' आले. त्याला मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते, आणि नाट्यसंगीताला त्याने नवे वळण दिले. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. नाटककार नाशिकचे शिरवाडकर, दिग्दर्शक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, आणि आप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू पेशाने शल्यविशारद! संस्था गोमंतकीयांची, पण दार सर्वांना उघडे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. म्हाताऱ्या माणसाने जायचे कुठे, हा 'नटसम्राट'चा प्रश्न. याच संस्थेने फोंडे तालुक्यात बांदोड्याला 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रमही उभारला. एका हाताने रंगमंचावर प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्या हाताने तो सोडवायला लागायचे, हे खाजगी नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडून सहसा होत नाही. ज्या संस्थेची मिळकत कोणाच्या घरी जात नाही, तिलाच हे परवडते.

आज गोव्यात कलासंस्थांची वाण नाही. १९७० साली कला अकादमी निघाली, तिची वास्तू चार्ल्स कुरैया यांनी रचली. २००९ मध्ये पणजीच्या आल्तिन्यावर 'सुनापरान्त' हे कलाकेंद्र सुरू झाले, आणि २०१६ पासून डिसेंबरात 'सेरेंडिपिटी' महोत्सव भरू लागला. चित्र, नाट्य, संगीत, हस्तकला, एवढेच नव्हे तर पाककलाही तेथे एकत्र आल्या. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु या नव्या कलेविषयीची बरीचशी चर्चा इंग्रजीत चालते. पेडणे-डिचोलीचा मुलगा ती कला डोळ्यांनी पाहतो, पण तिच्याविषयी बोलायला त्याच्यापाशी शब्द नसतात. ज्या गोष्टीविषयी आपल्याला बोलता येत नाही, ती हळूहळू दुसऱ्याची होते.

याला दुसरे कोणी जबाबदार नाही. मंडप आपण राखला, नाट्यस्पर्धाही गाजवतो. पण पडदा पडला की खुर्च्या उचलतो आणि घरी जातो. 'बरें जालें' किंवा 'रंगलें ना' एवढीच आपली समीक्षा!

म्हणून आमच्या शाळेत आम्ही एक लहानसा नियम केला आहे. स्नेहसंमेलनातील नाटक संपले की अर्धा तास कोणी उठायचे नाही. नट, नेपथ्य रंगवणारी मुले, पेटी वाजवणारा, पालक, सर्वांनी खाली सतरंजीवर बसायचे. मराठीत बोला, कोकणीत बोला, पण का आवडले आणि का नाही ते सांगा. पहिल्या वर्षी पंधरा मिनिटे सगळे गप्प होते. मग एका आजीने विचारले, "त्या सुनेन दार कित्याक उघडूंक ना?" आणि रात्री अकरापर्यंत वाद रंगला.

ती नववीतली मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सतरंजीवर सापडले. कोणाला विचारायचे? शेजारी बसलेल्याला.