एक हिशेब, दोन मापे

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने पृथ्वीची उष्णता वाढविणाऱ्या वायूंचा देशवार ताळेबंद प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या पाचांमध्ये अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्या पंक्तीला ब्राझील, चीन आणि भारत बसविलेले होते. कोळशावर शतकाहून अधिक काळ कारखाने चालविणारा देश आणि जेथे कोट्यवधी घरांत विजेचा दिवाही पोहोचला नव्हता तो देश, दोघेही सारखेच अपराधी ठरले!

या ताळेबंदाला पुढच्याच वर्षी उत्तर मिळाले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेतील अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी एका पुस्तिकेतून विचारले, की हे माप कोणाचे? समुद्र आणि वने हवेतील कर्बवायूचा काही भाग शोषून घेतात. ही शक्ती साऱ्या मानवजातीची सामायिक ठेव होय. म्हणून तिची वाटणी माणशी झाली पाहिजे. भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन वायू पोटासाठी असतो, मोटारींचा धूर पुष्कळदा चैनीसाठी. दोहोंना एकच माप लावणे न्यायाचे नव्हे.

१९९२ च्या रिओ परिषदेत हा न्याय तत्त्वतः मान्य झाला. जबाबदारी सर्वांची, परंतु भार ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे, असे ठरले. १९९७ च्या क्योटो करारात केवळ प्रगत देशांवर कपातीचे बंधन आले. तथापि त्यापूर्वीच अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी असल्या एकतर्फी बंधनाला नकार दर्शविला होता. २००१ साली अमेरिकेने करारातून अंग काढून घेतले. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दिले. ते पुरे झाले २०२२ साली.

मधल्या काळात हिशेबही पालटला. चीन आज सर्वाधिक कर्बवायू सोडतो. त्याचे माणशी प्रमाणही युरोपीय संघाहून अधिक आहे. भारताचे मात्र अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणजे माणशी माप हे केवळ गरिबांच्या सोयीचे माप नव्हे. जो वाढतो, त्यालाही ते लागू पडते.

मापाचा वाद मिटेपर्यंत समुद्र थांबत नाही. मालदीवच्या सखल बेटांवर त्याचे पाणी चढते आहे, आणि या हिशेबात त्या बेटांच्या नावे धूर जवळजवळ नाहीच.