तळटीप : मोठे नाणे आधी
रक्कम कमीत कमी नाण्यांत सुटी करायला लेखकाने इथे ‘ग्रीडी’ रीत वापरली आहे : उरलेल्या रकमेत बसेल ते सर्वांत मोठे नाणे आधी उचलायचे. १, २, ५, १० रुपयांत ती बिनचूक चालते, कारण एकाच्या दोन नाण्यांऐवजी दोनाचे एक, दोनाच्या तिनांऐवजी पाच नि एक, दोन-दोन-एकऐवजी पाच, दोन पाचांऐवजी दहा घेता येते. प्रत्येक बदलात नाणी घटतातच. पण २० आणि २५ पैसे एकाच वेळी चलनात होते, तेव्हाचे ४० पैसे सुटे करा. ग्रीडी २५, १०, ५ अशी तीन नाणी देते. खरे तर दोन वीस पुरतात. नमुना चाचण्या पास झाल्या ना, असे प्रोग्रॅमिंग स्पर्धेतला स्पर्धक म्हणेल. त्यांत ४० सारखी रक्कम नसली की चूक झाकली जाते, एवढेच. (वेळमर्यादेची सबबही इथे लंगडी : ४० पर्यंतचा डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा तक्ता क्षणात भरतो.)