कुंकळ्ळीचे दुसरे ऋण

पापक्षमेचा विचार करताना आम्हांला गोव्यातील कुंकळ्ळी आठवते. २५ जुलै १५८३ रोजी फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय तेथे मारले गेले. १८९३ मध्ये त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आले. परंतु त्या हत्येपूर्वी पोर्तुगीजांनी गावाची देवळे पाडली होती. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून विश्वासघाताने ठार केले. त्यांचे स्मारक २००३ मध्ये उभे राहिले.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तजनांच्या गतपापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. हुतात्म्यांचे स्मरण करताना आम्हीही त्या प्रमुखांचे स्मरण करावे. क्षमा करणे आणि क्षमा मागणे, दोन्ही प्रभूने एकाच प्रार्थनेत शिकविले आहे.