हूल: तीन पत्तीच्या बैठकीपासून मांडवीतल्या पोकर टेबलापर्यंत

(या भागाचं लिखित रूप. बोलताना सुटलेले एकदोन मुद्दे इथे भरले आहेत.)

आज पत्त्यांबद्दल बोलूया. म्हणजे खरं तर पत्त्यांमधल्या खोटेपणाबद्दल.

आपल्याकडे त्याला फार छान शब्द आहे. हूल. कबड्डीत चढाई करणारा डावीकडे झुकतो आणि उजवीकडे हात मारतो, ती हूल. हातात काही नसताना आहे असं भासवणं, तीही हूल. पोकरवाले त्यालाच ब्लफ म्हणतात. आणि त्यात एक खास प्रकार असतो: पान अजून तयार नाही, पण तयार होऊ शकतं, आणि त्या कच्च्या पानावर जोरात पैसे लावायचे. आजचा भाग त्या कच्च्या पानाचा आहे. ही चाल आली कुठून, ती कधी चालते आणि गोव्यात एका रात्री माझ्यावर कशी उलटली, हे सगळं सांगतो.

जागरणातली शाळा

मी पनवेलचा. गणपतीत आमच्याकडे जागरण म्हटलं की आरती, भजन, आणि रात्री दोननंतर सतरंजीवर पत्ते. तीन पत्ती मी तिथेच शिकलो. बूट टाकायचा, बंद खेळायचं, चाल द्यायची, नाहीतर पॅक करायचं. आमचे एक मामा होते, पानं न बघता तासभर बंद चाल द्यायचे. समोरच्याच्या हातात जोडी असायची, तरी तो घाबरून टाकायचा. मला वाटायचं, मामांकडे काहीतरी विद्या आहे.

या खेळाचा इतिहास पाहिला तर मजा वाटते. आपल्या मातीतला पत्त्यांचा जुना खेळ म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीत आजही ती गोल, लाखेची, हाताने रंगवलेली पानं बनतात. दशावतारी गंजिफ्याची पानं १२०. पण त्या खेळात स्मरणशक्ती लागते, हिशोब लागतो. मोठं पान लहान पानाला मारतं, एवढाच कारभार. हूल द्यायला जागाच नाही, कारण हात उघडण्याआधी त्यावर पैसे वाढवत नेण्याची पद्धत नाही.

ती पद्धत इंग्रजांसोबत आली असं मानतात. त्यांच्याकडे ब्रॅग नावाचा खेळ होता. पत्त्यांच्या नियमांसाठी ज्याचं नाव अजून घेतलं जातं त्या एडमंड हॉयलने १७५१ मध्ये ब्रॅगवर छोटं पुस्तकच लिहिलं. ब्रॅग म्हणजे बढाई. तीन पानांचा ब्रॅग आणि आपली तीन पत्ती शेजारी ठेवून बघा. तीन सारखी पानं, सिक्वेन्स, जोडी, सगळं तेच. न बघता खेळणाऱ्याने अर्धे पैसे लावायचे, हेसुद्धा तेच. मामांची विद्या म्हणजे हा अर्ध्या भावाचा फायदा होता, हे मला फार उशिरा कळलं.

कच्चं पान जन्माला आलं

आता पोकर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर हा खेळ वाढला. सुरुवातीला पानं फक्त २०. चार जण, प्रत्येकाला पाच. सगळी पानं वाटून संपायची. म्हणजे जे हातात आलं ते आलं, नवीन पान येण्याची आशा नाही. हूल होती, पण आपल्या तीन पत्तीसारखी. नुसती छाती काढून.

नंतर ५२ पानांचा जोड आला, आणि पान बदलून घेण्याची सोय आली. चार पानं एका रंगाची आहेत, पाचवं आलं तर कलर. हे झालं कच्चं पान, पोकरच्या भाषेत ड्रॉ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये होल्डेम आला: प्रत्येकाकडे दोन पानं झाकलेली, पाच पानं टेबलावर उघडी, सगळ्यांची सामायिक. पुढे तो लास व्हेगासला पोचला आणि १९७० पासून तिथे वर्ल्ड सिरीज भरते.

उघड्या पानांनी एक मोठा बदल केला. तीन पत्तीत समोरच्याला तुमचं एकही पान दिसत नाही, त्यामुळे तुमची थाप खरी की खोटी हे तपासायला त्याच्याकडे काहीच नसतं. तो तुमचा चेहरा बघतो आणि स्वतःचा खिसा. होल्डेममध्ये पाच पानं समोर पडलेली असतात. तुम्ही जी गोष्ट सांगताय ती त्या पानांशी जुळायला हवी. आधीच्या फेरीत गप्प बसलात आणि शेवटी अचानक डोंगराएवढे पैसे लावलेत, तर ऐकणारा म्हणणारच, हे काही पटत नाही.

गणित, पण थोडंसं

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये अशा खेळांवर पहिला मोठा निबंध लिहिला, आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर पुस्तक. त्यात त्याने पोकरचं एक साधं रूप मांडून दाखवलं, की हूल द्यायची तर सगळ्यात वाईट हातांवर द्यावी, मधल्या हातांवर नाही. मधल्या हाताला शांतपणे पानं उघडून जिंकण्याची थोडी शक्यता असते, ती का वाया घालवा? पण त्याच्या नमुन्यात नवीन पान येत नव्हतं. पान येणार असेल तर काय, हे पुढे डेव्हिड स्क्लान्स्कीने मांडलं आणि त्याला नाव दिलं सेमी-ब्लफ. आपण अर्धी हूल म्हणूया.

समजा पॉटमध्ये १००० रुपये आहेत. टेबलावर तीन पानं उघडली आहेत, दोन यायची आहेत, आणि तुम्ही उरलेले सगळे १००० लावता.

हातात काहीच नाही, शक्यताही नाही: समोरचा दोनपैकी एकदा तरी पळाला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी.

हातात मधलं एक पान हवं असलेला सिक्वेन्स आहे, म्हणजे जोडात तुमच्या कामाची फक्त चार पानं: दोन पानांत ते येण्याची शक्यता साधारण १६.५ टक्के. आता समोरचा तीनपैकी एकदा पळाला तरी बरोबरी.

हातात कलरचं कच्चं पान आहे, नऊ पानं कामाची: शक्यता ३५ टक्के. आता तो कधीच पळाला नाही तरी तुम्ही तोट्यात नाही. पॉटमधले आधीचे पैसे ते भरून काढतात.

हे सगळं अर्थात पान आलं की तुम्ही जिंकता असं धरून. समोरच्याकडे त्याच रंगाची मोठी पानं निघाली तर पान येऊनही मराल.

या चालीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजमधलं. ८३९ खेळाडू, शेवटी दोन उरले: टेनेसीचा अकाउंटंट क्रिस मनीमेकर आणि मुरलेला सॅमी फारहा. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. चार पानं उघडली तेव्हा टेबलावर इस्पिकची नव्वी, छक्की, अठ्ठी आणि एक चौकट दुर्री. म्हणजे त्याच्याकडे कलरही कच्चा, सिक्वेन्सही कच्चा. त्याने वाढवलं. शेवटचं पान बदाम तिर्री, दोन्ही फुकट. तरी त्याने सगळं पुढे ढकललं. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, जिंकणारा हात. त्याने टाकला. मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला आणि जगभरात पोकरची लाट आली. ती आपल्याकडच्या मोबाईलपर्यंत पोचली.

पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे

पनवेलला पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा व्हिडिओ बघून सगळेच पंडित झालेले. आम्ही चौघे गाडी काढून पणजीला गेलो, मांडवीतल्या एका बोटीवर कॅश गेमला बसलो.

माझ्याकडे किलवरची नव्वी-अठ्ठी. टेबलावर राजा, छक्की, पंजी, तीन वेगळे रंग. मला फक्त सत्ती हवी. पॉट ३ हजार, माझ्यासोबत आणखी तिघे. मी २ हजार लावले. दोघे गेले. उरले पुण्याचे एक काका, शांतपणे चहा पीत. पुढचं पान दुर्री. मी ५ हजार. काकांनी चिप्स सरकवल्या. शेवटचं पान गुलाम. मी १२ हजार लावले, चेहरा दगडासारखा. काकांनी दोन सेकंदही घेतले नाहीत. राजा आणि चौकी. फक्त राजांची जोडी.

मी विचारलं, "काका, तुम्हाला भीती नाही वाटली?"

ते म्हणाले, "अरे बाळा, राजा आलाय हातात. एवढ्या लांब आलोय ते पानं टाकायला का?"

१९ हजार गेले. परतीच्या वाटेवर मी हिशोब मांडला. मागे तिघे होते. प्रत्येक जण दहात सहा वेळा टाकतो असं धरलं, तरी तिघेही एकदम टाकण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के. लाइव्ह टेबलावर गर्दी असते, माणसं मजा करायला आलेली असतात, आणि त्यांना पानं बघायची असतात. मनीमेकरची हूल चालली कारण समोर एकच जण होता आणि तो पानं टाकू शकणारा होता. हूल द्यायला ऐकणारा लागतो. काका माझी गोष्ट ऐकतच नव्हते.

मग हे कौशल्य की नशीब?

हा प्रश्न कोर्टातही गेला. महाराष्ट्रात अजून १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. अड्डा चालवणं आणि तिथे खेळणं, दोन्ही गुन्हे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ मध्ये सूट. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. म्हणजे मामांची विद्या कोर्टानं मानली नाही. पोकरबद्दल २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं तो जुगारच असल्याचं सांगितलं, आणि गुजरातचा कायदाही मूळ तोच १८८७ चा.

गंमत म्हणजे महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, पण तो कधी अंमलात आणला नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. गोव्यानंही आपला जुगाराचा कायदा १९७६ चाच, पण १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजावरच्या टेबलांना वाट करून दिली. म्हणून पनवेलची पोरं पाचशे किलोमीटर गाडी चालवतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्यावर मोबाईलवरची टेबलंही उठली. त्यामुळे कुणी फार्महाउसवर टेबल मांडतोय, पॉटमधून कट काढतोय आणि "कौशल्याचा खेळ आहे रे" म्हणतोय, तर त्या वाक्यावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर हूल देणं हे कौशल्य आहे. पण कौशल्य आहे म्हणजे ते आपल्याकडे आहे असं नाही. ३५ टक्केवालं कच्चं पान आणि १६ टक्केवालं कच्चं पान, दोन्ही हातात सारखीच गरम लागतात. फरक आकड्यात असतो, आणि रात्री दोन वाजता आकडे कुणी बघत नाही.

यंदा गणपतीत मी पुन्हा सतरंजीवर बसलो होतो. बूट दहा रुपये. मामा आता थकलेत, पण बंद चाल अजून तशीच देतात. मी पानं बघितली, जोडी होती. शो मागितला. मामांकडे राणी, सत्ती, तिर्री. त्यांनी माझ्याकडे बघून हसत पानं टाकली आणि म्हणाले, "एवढी वर्षं लागली होय रे तुला?"

भेटूया पुढच्या भागात.