मोरोक्कोचा निवडुंग आणि वेदनांवरचा उपचार

सांधेदुखीवर किंवा कॅन्सरच्या वेदनांवर ‘मोरोक्कोच्या निवडुंगाचा चीक’ गुणकारी असल्याचे तुमच्या वाचनात आले असेल, तर आधी पुढील माहिती वाचा.

ही वनस्पती कोणती?
युफोर्बिया रेझिनिफेरा ही मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढते. चौकोनी, मांसल, काटेरी खोडांचे तिचे दाट पुंजके असतात. दिसायला निवडुंगासारखी असली, तरी ती एरंडाच्या कुळातील आहे. खोड कापताच पांढरा चीक येतो. वाळलेला चीक युनानी वैद्यकात ‘फरफियून’ म्हणून ओळखला जातो.

वेदनांशी संबंध काय?
चिकातील रेझिनिफेराटॉक्सिन हे द्रव्य मिरचीतील कॅप्साइसिनपेक्षा सुमारे हजारपट तिखट आहे. उष्णता व तिखटपणा जाणवून देणाऱ्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला ते घट्ट चिकटते. सुरुवातीला तीव्र आग होते, मग त्या चेतातंतूंकडून वेदनेचा संदेश जाणे थांबते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. शुद्ध द्रव्याच्या अत्यल्प, मोजलेल्या मात्रेच्या इंजेक्शनवर संशोधन सुरू आहे. मात्र हा नेहमीचा उपचार झालेला नाही.

चीक घरी वापरावा का?
नाही. कच्च्या चिकात या द्रव्याचे प्रमाण ठरलेले नसते. त्याने त्वचेवर फोड येतात, पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात आणि डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या शेराचा चीकही असाच दाहक असतो. कोणताही चीक दुखऱ्या गुडघ्यावर किंवा जखमेवर लावू नका.

चीक लागल्यास काय कराल?
• त्वचा साबण व पाण्याने धुवा.
• डोळ्यात गेल्यास चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि १५ ते २० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवा. तूप, दूध किंवा गुलाबपाणी घालू नका.
• आग कमी वाटली, तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. त्रास काही तासांनी वाढू शकतो.
• गिळल्यास उलटी करवू नका. तोंड धुऊन रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या, सोबत झाडाचा फोटो ठेवा.

वेदना सहन होत नसतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. औषध किंवा मात्रा बदलून आराम देता येतो. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.