लँग्ली एरोड्रोमची पुनर्बांधणी

अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल पीअरपाँट लँग्ली (१८३४–१९०६) यांच्या १९०३ मधील ‘एरोड्रोम’ नावाच्या विमानाची विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९१४ साली केलेली पुनर्बांधणी व उड्डाणे. लँग्ली स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. विमानासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने ५०,००० डॉलर दिले होते. ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीतील हाउसबोटीवरून ते सोडण्यात आले, दोन्ही वेळा पाण्यात कोसळले. चालक चार्ल्स मॅन्ली बचावले. १७ डिसेंबरला राइट बंधूंनी किटी हॉक येथे उड्डाण केले.

रचना : एकामागे एक पंखांच्या दोन जोड्या, पाच सिलिंडरांचे, सु. ५२ अश्वशक्तीचे एंजिन.

जानेवारी १९१४ मध्ये राइट बंधूंनी कर्टिस यांच्याविरुद्ध भरलेल्या पेटंटच्या खटल्यात अपील न्यायालयाने राइट यांच्या बाजूने निकाल दिला. पराभूत कर्टिस यांनाच स्मिथसोनियनने एरोड्रोम उडवण्यासाठी २,००० डॉलर दिले. त्यामागच्या हेतूंबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र संस्थेच्या वतीने चाचण्या पाहणारे आल्बर्ट झाम हे त्याच खटल्यात कर्टिस यांच्या बाजूचे तज्ज्ञ साक्षीदार होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. २८ मे १९१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील क्यूका सरोवरावरून विमान सु. १५० फूट उडाले, पाच सेकंदांहूनही कमी वेळ. तेवढ्यावरून संस्थेने मूळ विमान उड्डाणक्षम होते असा निष्कर्ष काढला. तो टिकत नाही. कर्टिस यांनी पंखांची वक्रता, त्यांना आधार देणाऱ्या ताणतारांची मांडणी, पंखे आणि नियंत्रणव्यवस्था बदलली होती. पंखांचा कमकुवतपणा हे १९०३ च्या अपयशाचे एक संभाव्य कारण मानले जाते. त्याच जागी बदल झाल्यावर मूळ पंखांची परीक्षा झालीच नाही. पाण्यावर तरंगण्यासाठी तरंडे जोडल्याने वजन सु. ३४० पौंडांनी वाढले, तरीही विमान उडाले, असा प्रतिवाद केला जातो. तो एंजिनाच्या शक्तीपुरता व पंखांच्या उचलशक्तीपुरता रास्त आहे. मूळ सांगाडा हवेचा ताण सोसू शकला असता का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. दोष केवळ सोडयंत्रणेचा होता, हे लँग्ली-पक्षाचे म्हणणे खरे धरले तरी मग पंखांना हात लावण्याची गरज काय होती, हा प्रश्न उरतोच. पुढे ८० अश्वशक्तीचे कर्टिस एंजिन बसवून केलेली उड्डाणे तर या वादात गैरलागूच ठरतात. पुनर्बांधणीला पुराव्याचे मोल येते ते प्रत्येक फरक नोंदवल्यावर, आणि हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू आहे : १७ डिसेंबर २००३ रोजी राइट विमानाची प्रतिकृती पाऊस व मंद वाऱ्यामुळे उडाली नाही, म्हणून १९०३ चे उड्डाण खोटे ठरत नाही.

चाचण्यांनंतर विमान १९०३ च्या रूपात परत आणून १९१८ मध्ये प्रदर्शनात मांडण्यात आले; मानवाला घेऊन दीर्घ उड्डाण करू शकणारे जगातील पहिले विमान, असा फलक सोबत होता. कर्टिस यांनी केलेल्या बदलांचा उल्लेख नव्हता. १९२१ मध्ये राइट यांचे ब्रिटिश स्नेही ग्रिफिथ ब्रूअर यांनी लंडनमध्ये हे बदल उघड केले. या वादामुळे ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ मध्ये आपले १९०३ चे विमान लंडनच्या सायन्स म्यूझियमकडे पाठवले. १९४२ मध्ये संस्थेचे तत्कालीन सचिव चार्ल्स अ‍ॅबट यांनी फरकांची यादी छापून दावा मागे घेतला. राइट यांचे विमान १९४८ मध्ये स्मिथसोनियनला मिळाले.